बैलांबरोबर मलाही आवतन

बेंबळी गावात राहून मी चित्रं काढतो. कॉलेजातला माझा एक मित्र पुण्यात प्रदर्शनं भरवतो. सकाळी उठलं की मोबाइलवर त्याची चित्रं बघायची आणि मग दिवसभर स्वतःच्या चित्रांवर डाफरायचं, हा माझा नेमच झाला होता.

यंदा पोळ्याच्या आदल्या सांजेला शेजारच्या काकूंनी मला बैलांची शिंगं रंगवायला बोलावलं. रंगवून झाली तशी काकूंनी बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळलं आणि रीतीप्रमाणं त्यांच्या कानात म्हणाल्या, "आज आवतन घ्या, उद्या जेवाय या."

मग त्या माझ्याकडं वळल्या. उरलेल्या हळदीचं बोट माझ्या खांद्याला लावून म्हणाल्या, "तू बी घे आवतन. तुझा बी खांदा दुखला असंल की."

इतक्या वर्षांत माझ्या खांद्याची चौकशी कुणी केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी बैलांना पुरणपोळी भरवून झाल्यावर तव्यावरची गरम पोळी माझ्या ताटात पडली. वर तुपाची धार. मनात आलं, त्या पुण्यातल्या मित्राला असं आवतन कधी मिळालं असेल का?

लगेच जीभ चावली. मेल्या, पुन्हा तुलना!

मोबाइल पालथा ठेवला आणि आणखी एक पोळी मागून घेतली.