शेवंतीच्या नावाचं गाणं

सिनेमात तीनदा मेलेला आणि तरी रोज सकाळी आमच्या कॅम्पच्या दारात हॉर्न मारणारा माणूस अख्ख्या ओमानात एकच होता. आमचा पंजाबी बसवाला. मी वेल्डर, सातवी नापास, मला सिनेमातलं काय कळतंय? पण हा कॅम्प ते रुसैलचा कारखाना, रोज वाटेत स्वतःच सांगायचा. कॅसेटच्या जमान्यात पंजाबात म्हणे प्रत्येक ट्रॅक्टरवर याचंच गाणं. मग सिनेमेवाल्यांनी उचलला. तिन्ही सिनेमांत हिरोचा मोठा भाऊ. एक गाणं म्हणायचं आणि गोळी खायची. "मेरी माँ ने एक भी पिक्चर पूरी नहीं देखी," म्हणायचा. चौथा सिनेमा मिळाला नाही, कॅसेटी बंद पडल्या, हा लायसन काढून इकडे आला. पण कलाकारी सुटली नाही. एकदा रुसैलच्या फाटकात मरून दाखवताना स्टेअरिंगवर असा पडला, की पहाऱ्यावरचा ओमानी पाण्याची बाटली घेऊन धावला. याने एक डोळा उघडला. "खलास नहीं, अर्बाब साब. इंटरवल!"

गाण्याचा त्याचा एक हट्ट होता. त्यांच्याकडे पंजाबात ज्याच्यासाठी गाणं, त्याचं नाव पुकारल्याशिवाय गायक तोंड उघडत नाही. बसमधल्या सगळ्यांच्या बायकांची नावं पुकारून त्याने गाणी म्हटली, फोनवर गावाकडे ऐकवली. माझीच राहिली. आमच्यात बायकोचं नाव घेत नाहीत. मी तर लग्नातला उखाणासुद्धा बहिणीकडून वदवला होता.

"चाचाजी, नाम बोलो."

"तू गा ना गपचूप."

"बिना नाम के? चिट्ठी है क्या, बिना पते की?"

तिकडून फोनवर ही म्हणायची, "सगळ्यांच्या बायकांना गाणं, मी काय पाप केलंय?" मी म्हणायचो, पुढच्या शुक्रवारी. असे शुक्रवार किती गेले. मग ती गेली. मी पोचलो तेव्हा सगळं आटपलेलं होतं. तेरावं करून परत आलो, तर बसमध्ये बातमी: याला सिनेमाचं बोलावणं आलंय. म्हाताऱ्या बापाचं काम आहे, गाण्यासकट. गुरुवारी शेवटची फेरी.

त्या गुरुवारी मी पुढच्या सीटवर बसलो. रुसैल जवळ आलं. आता नाही तर कधीच नाही. चाळीस माणसांदेखत म्हणालो, "शेवंती."

त्याने बस बाजूला घेतली, इंजिन बंद केलं. उठून उभा राहिला, पगडी सारखी केली आणि तिचं नाव पुकारलं. रत्नागिरीची शेवंती! मग गायला. शब्द मला एक कळला नाही. कुणी फोन काढला नाही, कुणी घड्याळ बघितलं नाही. कामावर उशीर झाला, फोरमन ओरडला, ओरडू दे.

तो गेला. नवा ड्रायव्हर वेळेवर पोचवतो, मुकाट चालवतो, चांगला आहे बिचारा. मी हल्ली खोलीवर डाळ चढवली की तिला नावाने हाक मारतो. ओ येत नाही. तरी मारतो.