दिवसाला एकच गणित

हे आत्ताच सांगते, न्हाईतं राहवणार न्हाई! डोंगरकड्याच्या फाट्यावर रोज एक मेंढरंवाले काका दिसतात. आज पाह्यलं तं मांडीवर दहावीचं गणिताचं पुस्तक! त्यांनी एक उदाहरण सोडवलं, पुस्तकाच्या शेवटी दिलेलं उत्तर ताडून पाह्यलं, बरोबरची खूण केली अन् पुस्तक मिटलं.

मी इचारलं, “काका, गणित काय कामाचं?”

“तू गणितात नापास झाली वाटतं!” काका हसले. मंग हळूच म्हणाले, “घरी मी एकटाच. उत्तर जुळलं की कोणीतरी ‘बराबर हाय’ म्हणल्यावानी वाटतं.”

“मंग एकच काहून सोडवता?”

“पुस्तकातली चारच राह्यलेत, पोरी. म्हणून दिवसाला एकच.”

माझं नववीचं गणिताचं पुस्तक द्यावं म्हणलं, पण ते मी परीक्षा होताच रद्दीत टाकलं होतं. तुमच्यासंगं झालंय का असं कधी?