जयवंताबाईचा बडग्या

सेलूच्या बसस्टँडसमोरून एखादा पोट्टा शीळ घालत चालला असला, तरी आचल कम्युनिकेशनची पायरी आली की त्याची शीळ आपोआप बंद पडायची. कारण आत काउंटरवर जयवंताबाई बसलेली असायची. बाईचं तोंड एकदा सुटलं की समोरच्याच्या बापजाद्यांचा उद्धार झाल्याशिवाय थांबत नसे. नवरा भैयाजी दिवसभर शेतात रमतो, कारण तिथवर बायकोचा आवाज पोचत नाही, असं गावातले लोक म्हणायचे. म्हणोत बापडे! पण हेच लोक आपल्या तरण्या पोरींना त्याच तोंडाच्या भरवशावर तिच्या दुकानात पाठवत होते, हे मात्र कोणी बोलायचं नाही.

चौऱ्याण्णव साली तिनं एसटीडीचा बूथ टाकला. बाकीच्या बूथना काळी काच असायची, हिनं साधी लावली. "बोलाचं ते बोला, पण मले दिसा," एवढाच तिचा नियम. पुढं कॉम्प्युटर आले, इंटरनेट आलं, तेव्हाही तेच. दुसऱ्या कॅफेंत प्लायवूडचे खोपचे करून पोट्टे आत तासन्‌तास बसायचे. हिच्याकडं सगळे कॉम्प्युटर उघड्यावर आणि सगळ्यांचे पडदे काउंटरकडं. कोणी वेडंवाकडं काही उघडलं की बाई जागेवरून ओरडायची, "काऊन रे, मायले दाखवू का तुह्या?" म्हणून खेड्यापाड्याच्या पोरी फॉर्म भरायला, निकाल पाहायला तिच्याकडंच येत. पोरगी जयवंताबाईकडं गेली आहे म्हटल्यावर बाप निवांत झोपायचा. बाईनं आयुष्यात कमावलं काय, तर हे.

त्यातली एक केळझरची अंजू. गणपतीच्या देवळाजवळ नारळ-फुलांचं दुकान लावणाऱ्या बंडूजीची पोरगी. जयवंताबाईच्या दुकानातच ती टायपिंग शिकली, तिथूनच तिनं नर्सिंगचा फॉर्म भरला आणि दोन हजार सात साली वर्ध्याच्या कॉलेजात तिचं नाव लागलं. त्या दिवशी बाईनं गल्लीभर पेढे वाटले. त्याच उन्हाळ्यात एक टवाळ पोरगा अंजूच्या खुर्चीमागं उभा राहून चाळे करायला लागला होता, तर बाईनं त्याची कॉलर धरून त्याला पायरीवरून खाली फेकला. भर बाजारात. तो उठला, कपडे झटकले, "पाहून घेईन" म्हणाला आणि पुढं वर्ध्याच्या एका कॅफेत कामाला लागला. त्याचं नाव सांगत नाही. असल्यांची नावं घ्यायची म्हणजे आपलीच जीभ विटाळायची.

आता या दुकानाला इंटरनेट यायचं ते वर्ध्याच्या एका कंपनीकडून. छपरावर थाळी, आत एक डबा. सेलू, समुद्रपूर, वर्धा, सगळीकडं याच कंपनीच्या थाळ्या. डबा बिघडला की कंपनीचा माणूस ताराचंद फटफटी घेऊन यायचा. माणूस गरीब, आधी केबल टीव्हीच्या तारा ओढायचा. रोज रोज येऊन तो कंटाळला आणि एक दिवस म्हणाला, "अवो वहिनी, मी कितीक खेपा मारू? तुमीच चालू करून घेत जा ना. नावाच्या जागी अ‍ॅडमिन टाका, पासवर्डच्या जागी बी अ‍ॅडमिन. फॅक्टरीतून तसंच येते ते."

असं तो प्रत्येक दुकानात सांगत गेला. आपल्याकडं रीतच आहे ती. घराची किल्ली चौकटीवर ठेवायची आणि शेजाऱ्याला जागा सांगून ठेवायची. नाही सांगितली तर शेजारी रुसतो, आमच्यावर भरवसा नाही का म्हणतो. ताराचंदनं पासवर्ड सांगितला तेव्हा जयवंताबाईलाही बरंच वाटलं होतं. समोरच्या पानठेल्यावाल्यालाही तो पाठ होता. पण कंपनीच्या वर्ध्याच्या ऑफिसात एक मोठा प्रोग्राम होता, सगळ्या डब्यांचा कारभार पाहणारा, कोणाचा कनेक्शन नंबर कोणता ते ठरवणारा. त्यालाही हेच अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन लागतं, हे मात्र फार कोणाला माहीत नव्हतं. त्या टवाळाला माहीत झालं.

श्रावणातल्या एका दुपारी अंजूच्या नावानं तिच्या कॉलेजला एक मेल गेला. मजकूर असा की सांगायला तोंड धजत नाही. सोबत फोटो. चेहरा अंजूचा, बाकी अंग भलत्याच कोणाचं. त्याचे कागद छापून कोणीतरी केळझरच्या चौकातही टाकले. पोलिसांनी कंपनीला विचारलं, कंपनीनं लेखी कळवलं, हा मेल सेलूच्या आचल कम्युनिकेशनच्या कनेक्शनवरून गेला आहे. झालं! कागदावर शिक्का होता, मग कोण कशाला विचार करतो?

बंडूजी तो कागद घेऊन दुकानात आला आणि त्यानं तो काउंटरवर आपटला.

"बाई, तुमच्या भरवशावर पाठवलं होतं पोरीले," तो म्हणाला. "तुमच्याच दुकानातून गेलं हे."

जयवंताबाईनं तो कागद पुढं ओढला. तो गेल्यावर तिनं त्यावरची तारीख पाहिली, वेळ पाहिली आणि ती ताडकन उठली. दुपारचं लोडशेडिंग! त्या वेळी अख्ख्या सेलूत लाइट नव्हती. दुकानात ना इन्व्हर्टर, ना जनरेटर. डबा मेलेला होता. ती तशीच ठाण्यात गेली. नत्थू जमादार माणूस वाईट नव्हता, पण त्यानं हात वर केले. "बाई, लाइट नव्हती हे मलेबी मालूम आहे. पण कंपनी लिहून देऊन राह्यली. मी कोणाचं खरं मानू?"

तिकडं केळझरात बंडूजीनं अंजूला मागच्या खोलीत घातलं आणि बाहेरून कुलूप लावलं. पोळा झाला की कॉलेजातून नाव काढतो आणि समुद्रपूरचं एक स्थळ आहे तिथं देऊन टाकतो, असं तो सगळ्यांना सांगत फिरू लागला. इकडं आचल कम्युनिकेशनमध्ये एक पोरगी फिरकेना. बाईला पोरी न येण्याचं दुःख होतंच, पण कुलपाचं ऐकलं आणि तिच्या अंगाची लाही लाही झाली.

तिनं ताराचंदला फोन करून बोलावला आणि तो आत आल्याबरोबर शटर अर्धं खाली ओढलं.

"माहा डबा बंद होता. मंग माह्या नावानं मेल गेला कसा? खरं सांग, ताराचंद. नाई तं आज तुही फटफटी इथंच राहीन अन् तूबी."

ताराचंदनं अर्ध्या शटरकडं पाहिलं. "वहिनी, ऑफिसच्या प्रोग्राममंदीबी तोच पासवर्ड आहे," तो हळूच म्हणाला. "कोणी आत घुसलं तं तुमचा नंबर दुसऱ्याच्या डब्याले देऊ शकते. काम झालं का परत ठेवून द्याचा. कोणाले पत्ता लागत नाई. मी सायबाले सांगतलंतं बदला म्हणून. पण तुमी माहं नाव घेऊ नोका, नोकरी जाईन माही."

दुसऱ्या दिवशी बाई वर्ध्याच्या ऑफिसात हजर. मॅनेजर प्रभाकरराव इस्त्रीच्या शर्टात, टेबलावर पाय टाकूनच बसायचा बाकी होता. त्यानं ऐकून घेतलं आणि हसला. हसला!

"अहो मॅडम, सेलूसारख्या गावात कोण येणार आहे हॅकिंग करायला? आणि पासवर्ड फॅक्टरीतून जसा येतो तसा चालतो. बदलायचा म्हणजे प्रत्येक डब्यावर माणूस पाठवा. पुन्हा आमची पोरं नवा विसरतात. मग रोज माझ्या डोक्याला ताप."

"तुमच्या डोक्याले ताप होते म्हणून माही पोरगी कोंडून ठेवाची का?"

"तुमची मुलगी?"

"माहीच समजा! लिहून द्या मले, का पासवर्ड फॅक्टरीचाच होता, कोणीबी आत येऊ शकत होतं."

"असं काही लिहून देता येत नाही. तुमच्याजवळ पुरावा असेल तर कोर्टात जा," तो म्हणाला आणि त्यानं शिपायाला चहा सांगितला. शिपायानं खिशातून किल्ली काढली, कोपऱ्यातलं कपाट उघडलं, साखरेचा डबा काढला आणि कपाटाला परत कुलूप लावलं.

बाई ते पाहतच राहिली. मग तिचा आवाज असा चढला की बाहेरच्या रिक्षावाल्यांनी आत डोकावलं. "बापा! साखरेले कुलूप लावता, अन् लोकाईच्या पोरीच्या इज्जतीले अ‍ॅडमिन? मुंग्याईची भीती आहे तुमाले, माणसाची नाई? काय बह्याड लोक भरले आहे इथं!" शिपायानं तिला हाताला धरून बाहेर काढलं. तो चहा तिनं घेतला नाही, हे सांगायलाच नको.

पोळा आला. दारोदारी पळसाच्या फांद्यांचे मेढे लागले, बैल सजले, पोळ्याचं तोरण तुटलं. बाईनं पुरणाला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या पाडव्याला, बंडूजी कॉलेजात जाणार, हे तिला कळलं होतं.

पाडव्याची सकाळ म्हणजे मारबतीची. ते मेढे उचलायचे, घरातली पीडा, रोगराई, ढेकूण-डास सगळ्यांची नावं घेत गावच्या शिवेवर नेऊन टाकायचे. सोबत एक बडग्या, ज्याचा राग असेल त्याचा पुतळा. उजाडता उजाडता जयवंताबाईच्या दुकानातून बडग्या निघाला. भैयाजीची जुनी विजार, पोटात तणस, डोक्याच्या जागी कंपनीच्या डब्याचं खोकं, गळ्यात टाय. आणि छातीवर हातभर पाटी. पाटीवर मोठ्या अक्षरात कंपनीचं नाव आणि खाली लिहिलेलं, नाव अ‍ॅडमिन, पासवर्ड अ‍ॅडमिन, सगळ्या डब्यांचा अन् ऑफिसचाबी.

बाईनं पदर खोचला आणि भर रस्त्यावर हाळी दिली. "ईडा, पीडा, खासी, खोकला, अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन घेऊन जा गे मारबत!"

पोरांना काय, नवीन शब्द मिळाला. बसस्टँडपासून शिवेपर्यंत अख्खं सेलू ओरडत गेलं. ढेकूण-मोंगसा घेऊन जा, अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन घेऊन जा! कोणी हसलं, कोणी बाईच्या डोक्यावर परिणाम झाला म्हणालं. बडग्या जळाला. पण पाटी सगळ्यांनी वाचली होती. दुपारपर्यंत कोणाचा डबा बंद पडू लागला, कोणाचं इंटरनेट दुसऱ्याच्या दुकानात जाऊ लागलं. वर्ध्याच्या ऑफिसातला फोन वाजायचा थांबेना.

तासाभरात प्रभाकररावची जीप आचल कम्युनिकेशनसमोर उभी राहिली. सोबत ताराचंद. आणि येता येता ठाण्यातून नत्थू जमादारालाही त्यांनीच उचलून आणलं होतं. प्रभाकरराव उतरल्या उतरल्याच ओरडला.

"अटक करा हिला! हिनं आमचा पासवर्ड फोडला! आता कोणीही आमच्या सिस्टीममध्ये घुसेल आणि कोणाच्याही नावावर काहीही पाठवेल! आम्ही जबाबदार नाही!"

जमादार डायरी काढत होता, तो थांबला. "सायेब, हे फिरून बोला बरं. कोणीबी कोणाच्याबी नावावर पाठवू शकते?"

"हो! तेच तर सांगतोय मी!"

"आजपासून, का पयलेपासून?"

प्रभाकररावनं जीपकडं पाहिलं. त्याच्या लक्षात आलं आपण काय बोलून बसलो ते, पण वेळ निघून गेली होती. जमादारानं ताराचंदकडं पाहिलं. ताराचंदनं आधी साहेबाकडं पाहिलं, मग बाईकडं, आणि मान खाली घातली.

"पयलेपासून, सायेब. म्या सोता गावभर सांगतला. फॅक्टरीतून आला तवापासून तोच आहे."

"पाटीवर लिवला तं म्या फोडला," जयवंताबाई म्हणाली, "अन् इतके वर्ष गावाच्या तोंडात होता तवा काय झोपा काढून राह्यले होते? चला आता. बसा जीपमंदी."

"कुठं?"

"केळझरले. जिथं नाव गेलं तिथंच येऊन सांगा. इथं सेलूत बोलून काय उपेग?"

प्रभाकरराव नाही म्हणणार होता. पण जमादारच पुढच्या सीटवर जाऊन बसला.

केळझरच्या चौकात बंडूजी धुतलेले कपडे घालून बसची वाट पाहत उभा होता. वर्ध्याला, कॉलेजातून नाव काढायला. जीप पाहून माणसं जमली. सगळे बंडूजीच्या दारात गेले. प्रभाकररावनं घसा साफ केला. "काही तांत्रिक त्रुटींमुळे..."

"मराठीत बोल!" बाई कडाडली. अहो-जाहो केव्हाच संपलं होतं.

तो खाली पाहून म्हणाला, "या मुलीनं काही केलेलं नाही. या बाईंच्या दुकानातूनही काही गेलं नाही. आमचं दार उघडं राहिलं होतं, त्यातून कोणीतरी शिरलं."

तो टवाळ पुढं दोन महिन्यांनी सापडला, पण त्याचं काय सांगायचं? चोराला चोरीच करायची असते.

बंडूजीनं खिशातून किल्ली काढली. तो आत गेला, मागच्या खोलीचं कुलूप त्यानं काढलं आणि अंजूला बाहेर घेऊन आला. पोरगी वाळून गेली होती. बायांनी पदर डोळ्याला लावले. आता ती बापाच्या गळ्यात पडून रडेल असं सगळ्यांना वाटलं.

ती रडली नाही. तिनं आतून सगळं ऐकलं होतं. तिनं एकदा प्रभाकररावकडं पाहिलं आणि मग बापाकडं.

"दार याईचं उघडं होतं ना, बाबा?" ती म्हणाली. "मंग कुलूप माह्या खोलीले काऊन लावलं?"

 बंडूजीच्या हातात ते कुलूप तसंच होतं.