वळणावर उचललेला पाय

माझा स्वभाव पहिल्यापासून संशयी. दूधवाल्याच्या मापातसुद्धा मी वाकून बघायचो. त्यामुळे आमच्या गावची गड्ड्याची जत्रा उठल्यावर रिकाम्या मैदानात तो अमेरिकन आपली मोटार घेऊन आला, तेव्हा त्याच्या एकाही शब्दावर माझा विश्वास बसला नाही. तिकडे म्हणे तो शर्यतींचा राजा होता. दोनदा कुंपण फोडून मोटारीसकट बाहेर फेकला गेला आणि दोन्ही वेळा चालत घरी गेला म्हणे! तोंडात कायम न पेटवलेला सिगार. मोटार उसळली की दातांवर दात आपटून फुटतात, म्हणून तो चावून धरायचा, असं त्याचा दुभाष्या सांगे. थापा, दुसरं काय!

गावातल्या कुणीही त्याच्याशी दोन फेऱ्या मोटार पळवावी, असं आव्हान होतं. मी अक्कलकोटला उतारू नेणारी सर्व्हिस मोटार चालवायचो. मालक म्हणाला, "जा की, लई ऐट करतोय त्यो." मी गेलो, पण मालकासाठी नाही. हातमाग सोडून मी मोटारीवर गेलो म्हणून दोन वर्षं वडील माझ्याशी बोलत नव्हते. मी जेवायला बसलो की ते ताटावरून उठायचे. ते बघायला येणार आहेत, असं आईनं सांगितलं होतं. त्यांच्यासमोर मला जिंकायचं होतं.

आणि पहिल्या फेरीत मी चक्क जिंकलो. लोकांनी मला खांद्यावर घेतलं. वडील बाजूलाच उभे होते. त्यांना आताशा नीट दिसत नसे. मी जवळ गेलो, तेव्हा आमच्या घरच्या तेलुगूत एवढंच म्हणाले, "वळणावर त्यानं पाय उचलला."

गल्लीत कुणाच्या मागाच्या पावडीवरचा पाय ढिला पडला, हे ते घरात बसून आवाजावरून ओळखत. इंजिनही त्यांनी तसंच ऐकलं होतं; अमेरिकनानं वळणावर मुद्दाम वेग सोडून मला जिंकू दिलं होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या माणसाच्या शब्दाशब्दावर मी संशय घेतला आणि स्वतःच्या जिंकण्यावर तेवढा घेतला नाही.

तडक दुभाष्याकडे गेलो. "त्याला सांगा, दुसऱ्या फेरीत पाय उचलायचा नाही."

ते ऐकून अमेरिकनानं तोंडातला सिगार काढला आणि तो खदखदून हसला. पुढचे सगळे दात तुटलेले होते.

दुसऱ्या फेरीत तो गेला तो गेलाच. वळणावर माझी मोटार थडथडत होती, मी घाबरलो होतो, पण पाय दाबूनच ठेवला. मी पोचलो तेव्हा तो उतरून उभा होता. माझ्यासाठी कुणी टाळी वाजवली नाही.

वडील चाचपडत आले. तापलेल्या बॉनेटवर त्यांनी हात ठेवला आणि चटका बसला तरी काढला नाही.

"तू नाही उचललास," ते म्हणाले. "चल, जेवू."