वालधुनीपासून उल्हास नदीपर्यंत, कमलाच्या बाबांना घेऊन

पंचावन्न-छप्पन्नचा सुमार. अंबरनाथच्या शाळेत मी नववीत होते. दिवाळीची सुट्टी संपल्यावर आमच्या भूगोलाच्या लेले बाई वर्गात आल्या आणि नकाशाची गुंडाळी न उघडताच म्हणाल्या, "या वेळी परीक्षेत प्रश्न नाहीत. दोघीदोघींनी मिळून एक पाहुणा शोधायचा. ज्यानं आपला मुलूख पाहिलेला नाही असा. त्याला एक दिवस फिरवून आणायचं आणि सोमवारी वर्गात आणायचं. मार्क तो देईल."

पर्यटन हा शब्दही तेव्हा आमच्या कानावर आला नव्हता. मला मात्र धन्य वाटलं, कारण भूगोलात माझा हात धरणारं वर्गात कुणी नव्हतं. माझी जोडीदार कमला. फाळणीनंतर सिंधमधून आलेलं कुटुंब, निर्वासितांच्या कॅम्प चारमधल्या बराकीत राहायचं. जिथं राहायचं तिथली भाषा यायला हवी, म्हणून तिच्या वडिलांनी तिला मराठी शाळेत घातलं होतं. पाहुणा शोधायला लांब जावंच लागलं नाही. कमला म्हणाली, "माझे बाबा. आठ वर्षं झाली, दुकान आणि घर यांच्या पलीकडे गेलेले नाहीत."

त्यांचं कापडाच्या तुकड्यांचं लहानसं दुकान होतं. आम्ही विचारायला गेलो तेव्हा ते लाकडी गज हातात घेऊन छिटाचं कापड मोजत होते. मान वर न करता म्हणाले, "सफर? बेटा, सफर आम्ही करून आलो. आता बसू दे."

कमला दाराकडे वळली. मीच म्हटलं, "काका, तुम्ही आला नाहीत तर आम्ही दोघी नापास."

त्यांनी गज खाली ठेवला. "असं? मग रविवारी."

रविवारी सकाळी आम्ही तिघं कॅम्पातून चालत निघालो. बाबांनी पांढरा लेंगा-कुडता इस्त्री करून घातला होता, काखेत छत्री. कमलाच्या आईनं डबा दिला होता: कांदा घातलेली जाड सिंधी पोळी म्हणजे कोकी, पापड आणि गोड भात. माझ्याकडे तांदळाची भाकरी आणि लसणीची चटणी. शिवाय मी स्वतः काढलेला नकाशा आणि टिपणांची वही.

पहिला मुक्काम अंबरनाथचं शिवमंदिर. त्या काळी शेजारची वालधुनी नदी स्वच्छ वाहायची, तळाचे गोटे दिसायचे. तुम्ही आज जाणार असाल तर पाण्याकडे बघू नका, देवळाकडेच बघा. सकाळी लवकर जा, तेव्हा पूर्वेच्या उन्हात भिंतीवरचे हत्ती एकेक करून उजळतात. मी वही उघडून सुरू झाले: शिलाहार राजे, काळा पाषाण, गाभाऱ्यात उतरणाऱ्या पायऱ्या. बाबांनी उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावला, खाली जाऊन पिंडीला पाणी घातलं आणि बाहेर येऊन झाडाखाली बसले.

"हे दगड घडवणारे," त्यांनी विचारलं, "काम संपल्यावर कुठे गेले?"

माझ्या वहीत ते नव्हतं. "माहीत नाही," म्हटलं.

"हां," ते म्हणाले. छत्री घेऊन उठले.

तिथून बदलापूरपर्यंत रुळांच्या कडेनं कच्चा रस्ता. दीड-दोन तास सहज लागतात. पायात चांगल्या वहाणा हव्यात, माझ्या नव्या होत्या आणि त्यांनी टाचा सोलल्या. भातं कापून झाली होती, खाचरांत पेंढ्या उभ्या होत्या. मी डोंगरांची नावं सांगत होते, जमिनीचा प्रकार सांगत होते, पाऊस किती पडतो ते सांगत होते. बाबा छत्री उघडून चालत राहिले. शेवटी कमला माझ्या कानात म्हणाली, "थोडं गप्प बस ना. ते ऐकत नाहीयेत." मला रडूच आलं. इतकी तयारी करून पाहुण्याला काहीच आवडेना!

बदलापूर गावातून आम्ही उल्हास नदीवर आलो. पलीकडच्या काठावर मोठा आंबा होता, तिथं जेवायचं असं मी नकाशावर लिहून ठेवलं होतं. नदी ओलांडायची जागाही फुलीनं दाखवली होती. मी सरळ त्या जागी पाण्यात उतरले आणि चौथ्या पावलाला कमरेपर्यंत गेले. वही भिजली. कमला ओरडली.

काठावर एक बाई लाकडाची मोळी उतरवून विसावली होती, वरच्या पाड्यावरची. ती हसायलाच लागली. "अगं पोरी, तिथं डोह हाय! नकाशात बघून नदी उतरतात का?"

तोवर बाबांनी लेंगा गुडघ्यावर दुमडला होता. मला हाताला धरून बाहेर काढलं आणि ते काठाकाठानं खाली चालत गेले, डोळे पाण्यावर. एका जागी थांबले. तिथं पाण्यावर बारीक सुरकुत्या होत्या.

"इथं," ते म्हणाले. "पाणी जिथं बोलतं तिथं उथळ. गप्प असतं तिथं खोल."

मोळीवाली बाई उठून उभी राहिली. "बराबर वळखलंस, दादा. आमी बी तिथनंच जातो. कंच्या नदीवरचा तू?"

"सिंधू," बाबा म्हणाले. मग ते बोलतच राहिले. त्यांचे वडील नावाड्यांकडून मासळी घ्यायचे, पलीकडचा काठ दिसायचा नाही, पुरात आलेल्या गाळात पाय ठेवला की पोटरीपर्यंत जायचा. कमलानंसुद्धा हे कधी ऐकलं नव्हतं. ती वाळूत मांडी घालून बसली होती, तोंड उघडं.

आंब्याखाली जेवताना बाबांनी मला पहिला प्रश्न विचारला. "ही नदी कुठं जाते?"

वही भिजली होती, पण हे मला पाठ होतं. "कल्याणवरून पुढे खाडीला. मग अरबी समुद्राला."

त्यांनी कोकीचा तुकडा मोडला. "आणि सिंधू?"

मी तोंड उघडलं, पण कमला माझ्याआधी म्हणाली, "बाबा, तीही अरबी समुद्रालाच."

"तोच समुद्र?"

"तोच."

बाबांनी डब्यातला गोड भात मूठभर घेतला. पाण्याच्या कडेला जाऊन उकिडवे बसले, डोक्यावर रुमाल टाकला आणि भात हळूहळू पाण्यात सोडला. तिकडे दर सणाला नदीला गोड देत असत, कमलानं मला हळूच सांगितलं. इथं आल्यापासून त्यांनी ते केलं नव्हतं. नळाला कसं देणार? मासे वर आले. बाबा बराच वेळ तिथंच होते. आम्ही दोघी काही बोललो नाही. त्या दिवशी मला ते पहिल्यांदाच जमलं.

परतीला बदलापूरहून गाडी घेतली. डबा रिकामा, खिडकीतून गार वारा. बाबा बसल्या जागी झोपले.

सोमवारी ते वर्गात आले. लेले बाईंनी विचारलं, "कसा वाटला आमचा मुलूख?" ते उभे राहिले, घसा साफ केला. "मुली फार बोलतात," म्हणाले. वर्ग हसला. "देऊळ चांगलं आहे. नदी लहान आहे." मग खाली बसता बसता, "पण बरी आहे." त्यांनी आम्हाला किती मार्क दिले ते आता आठवत नाही.

पुढे मी खूप फिरले. मोठमोठ्या नद्या पाहिल्या, त्यांच्यावर लिहिलंही. पण कुणाला काही दाखवायला नेलं की आधी त्याला बघू द्यावं, विचारू द्यावं, हे मी त्या आंब्याखाली शिकले. माहिती हवी असते, पण तिची वेळ यावी लागते.

पुढच्या रविवारी मी कॅम्पात गेले. म्हटलं, बाबांना आता बारवी नदी दाखवू. कमला दारातच तोंड फुगवून बसली होती. आतून तिची आई पापड लाटता लाटता म्हणाली, "ते तर सकाळच्या गाडीनं बदलापूरला गेले. शेजारच्या चार घरांना घेऊन."

"आम्हाला न घेता?"

"मी म्हटलं, मुलींना तरी बरोबर न्या. तर म्हणाले, कशाला? रस्ता मला माहीत आहे."