मेलेल्या शिंपल्या

तिला सगळे मापवाली मावशी म्हणत. खाडीकाठच्या खाजणातल्या कमरेएवढ्या पाण्यात उभं राहायचं, पायाच्या बोटांनी चिखल चाचपायचा, शिंपली लागली की वाकून उचलायची, यातच तिचा जन्म गेला. नाव मात्र पडलं ते मापामुळे. विकण्याआधी ती एकेक शिंपली टिचकी मारून बघे. तोंड वासलेली, म्हणजे मेलेली निघाली, की ती फेकून मापात तिच्या जागी जिवंत टाकायची. "एक मेली की अख्खी टोपली वास मारते," असं तिची सासू सांगायची. सासूचं एवढं एकच म्हणणं तिने बिनतक्रार ऐकलं होतं.

प्रयोगशाळेतली बाई आली तेव्हा मावशीला हसूच फुटलं. लोक शिंपल्या काढून नेतात आणि ही उलटी, जाळीच्या पिशव्यांत भरून चिखलात ठेवायला आलेली. कारखान्याचा नाला खाजणात उतरतो तिथे एक पिशवी, बाकीच्या लांब लांब. "लक्ष ठेवा हं मावशी, वाहून जायला नकोत," एवढं बोलून बाई गेली. शिकली-सवरलेली माणसं, अर्धं बोलणं पोटातच ठेवतात.

मावशीने लक्ष ठेवलं. नाल्याजवळच्या पिशवीत निम्म्याहून जास्त मेल्या. तिचा जीव कळवळला. परक्याची पोर विश्वासाने ठेवून गेली, तिच्या हातात हे द्यायचं? बाई यायच्या आदल्या दिवशी तिने मेलेल्या काढल्या, उरलेल्या मरगळलेल्याही काढल्या, आपल्या जागेवरच्या टपोऱ्या भरल्या आणि पिशवी पुन्हा नीट बांधली.

निकाल चांगला आला. नाल्याजवळचा चिखलही बाधत नाही, असं सगळीकडे झालं. तिथे कित्येक वर्षं कुणी पाय घातला नव्हता, त्यामुळे शिंपल्या थोड्या पण चांगल्या मोठ्या होत्या. मावशीची जाऊ रोज तिथेच जाऊ लागली.

मावशीची लेक तेव्हा माहेरी आली होती. दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा पदर रिकामाच राहिला, आता तिसऱ्यांदा. "तुझी आई एक नंबरची चिकट, मी घालते तुला खायला," म्हणत काकू रोज वाटी भरून आणायची. लेकीच्या अंगावर जरा तेज आलं होतं. ते बघून मावशी सुखावायची.

महिन्याभराने बाई नव्या पिशव्या घेऊन आली. चहा घेता घेता लेकीला समजावू लागली, "शिंपली चिखलातलं विष अंगात साठवते. किती मेल्या, जगलेल्यांच्या मांसात काय साचलं, त्यावरून आम्हाला चिखल कळतो. नाल्याजवळ तर एकही मेली नाही. मांसही स्वच्छ."

मावशीने हातातली कपबशी खाली ठेवली. गप्प बसलं तर कुणाच्या बापाला कळणार होतं? आणि बोललं की खाजण बंद, मग चूल कशावर पेटायची? तेवढ्यात जाऊ आली आणि तिने लेकीपुढे वाटी ठेवली. मावशीने ती ओढून घेतली.

"मेल्या होत्या," ती बाईला म्हणाली. "निम्म्याच्या वर. मी सगळ्याच बदलल्या. तुम्हाला मेलेला माल कसा देणार?"

"अगं, आपल्याच पोटावर पाय देतेस?" जाऊ म्हणाली. मावशीचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. ती लेकीकडे बघत होती.

लेकीने पोटावर हात ठेवला होता. "आई," तिने हळूच विचारलं, "मग मी महिनाभर खाल्लं त्याचं काय?"

मावशीने बाईकडे पाहिलं. बाईने तिच्या हातातली वाटी घेतली आणि तपासायला नमुन्याच्या पिशवीत रिकामी केली.