खजुरीच्या नाक्यावरची आंतरराष्ट्रीय गुन्हेगार

अक्कलकोट सोडून आमची मोटार खजुरीला पोहोचली आणि जकात नाक्यावर अडली. हैदराबाद संस्थान भारतात आलं होतं, पण नाका अजून हटला नव्हता. मी सोलापूरचा वकील, एका खटल्यासाठी गुलबर्ग्याला निघालो होतो.

नाक्यावर जमादार एका परकरातल्या पोरीसमोर घाम पुसत उभा होता. तिची शेळी चरत चरत हद्द ओलांडून आली, म्हणून त्याने जकातीपायी ती बांधून घातली होती. पोरीने हद्दीच्या दगडापलीकडे जाऊन गोफण फिरवली. दगड मुंबई राज्यातून सुटला आणि नाक्याचा कंदील हैदराबादेत फुटला.

मी वकील आहे हे कळताच जमादार म्हणाला, "वकीलसाब, ये बैनुलअक्वामी (आंतरराष्ट्रीय) जुर्म है! आळंदच्या ठाण्यावर न्यावं लागंल हिला, ह्याच मोटारीनं."

पोरीची आई रडकुंडीला आली होती. मी सांगितलं, "सात वर्षांखालच्या मुलाला गुन्हा लागत नाही. त्यापुढे बारापर्यंत, समजून केलं का ते बघतात."

"सहाची हाय ओ साहेब!" आई लगेच म्हणाली.

"खोटं कामून सांगायलीस?" पोरगी उसळली. "आठवं सरलंय माझं!"

मी घाईने विचारलं, "पण बाळ, काय करतेस ते तुला कळत नव्हतं ना?"

"कळत न्हाई कसं? नेम धरून मारलं!"

माझा बचाव तिथेच आटोपला. जमादाराने तिला मोटारीकडे नेलं. ती दारात अडून बसली. "शेळीबी येणार. तिची धार कोण काढंल?"

कंडक्टर जमादारावर खेकसला, "अण्णा, शेळी न्हाई चालत मोटारीत!"

उतारू कंटाळले होते. शेवटी जमादार म्हणाला, "माफी माग आन् जा."

"आधी तुमी शेळीची मागा."

सगळी मोटार खिडक्यांतून बघत होती. जमादाराने इकडेतिकडे पाहिलं, दावं सोडलं आणि शेळीला पुटपुटला, "माफ कर, अक्का." मग पोरगीही "चुकलं" म्हणाली, पण कंदिलाकडे बघून.

गुलबर्ग्याचं काम उरकून मी आगगाडीने परतलो. वाटेत वाटत राहिलं, की पोर जितकं समजूतदार, तितका कायदा त्याला जास्त धरतो. आईचं खोटं ऐकलं असतं, तर पोरगी सहज सुटली असती.

घरी हे सगळं सांगितलं. आठ वर्षांच्या माझ्या लेकीने फार लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, "बाबा, मला थोडे दिवस सहाचीच सांगाल?"